कडेला उभं असलेलं मूल

बालवाडी सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की एक ठरलेली तक्रार आमच्याकडे यायला लागते. आईबाबा वेगळे, शब्द थोडे इकडचे तिकडे, पण काळजी तीच. "ताई, तो मुलांमध्ये मिसळत नाही हो." मग तपशील येतो. सोसायटीच्या बागेत नेलं तर घसरगुंडीपाशी नुसता उभा राहतो. वाढदिवसाला नेलं तर आईची ओढणी सोडत नाही. शेजारची मुलगी याच्याच वयाची, ती सगळ्यांना हुकूम सोडत फिरते. आजीनं तोवर निदानही करून टाकलेलं असतं: घुम्या आहे, बापावर गेलाय.

आज बोलायचं आहे ते या मुलांबद्दल. दोन ते पाच या वयातल्या, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या मागे उभं राहून "जा की रे, खेळ की त्यांच्यात" म्हणणाऱ्या तुमच्याबद्दल.

या विषयावरचं एक जुनं आणि अजूनही जिथे-तिथे सांगितलं जाणारं काम अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालं. मिल्ड्रेड पार्टन नावाची संशोधक १९२६-२७ च्या शालेय वर्षात तिथल्या शिशुशाळेत जाऊन उभी राहायची. मुलांना मोकळं खेळायला सोडलं, की एका मुलाकडे ती एक मिनिट बघायची, ते काय करतंय ते टिपून घ्यायची आणि मग पुढच्या मुलाकडे वळायची. कोणाला काही विचारायचं नाही, कोणाची परीक्षा घ्यायची नाही. महिनोन्‌महिने हेच. तिचा निबंध १९३२ मध्ये छापून आला आणि त्यातल्या सहा प्रकारांची यादी बालविकासाच्या पाठ्यपुस्तकांत कायमची जाऊन बसली. काही मुलं कशातच नसतात, इकडून तिकडे फिरत असतात. काही एकटी खेळतात. काही दुसऱ्यांचा खेळ बघतात. काही दुसऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्यासारख्याच खेळण्यानं, पण आपापलं खेळतात. याला समांतर खेळ म्हणतात. काही एकमेकांशी बोलत, वस्तू देत-घेत खेळतात, पण खेळ असा ठरलेला नसतो. आणि शेवटी ती मुलं, जी "तू डॉक्टर, मी पेशंट" असं वाटून घेऊन खेळतात.

पार्टनला दिसलं ते असं: लहान मुलं जास्त करून एकटी किंवा शेजारी-शेजारी खेळतात आणि वय वाढतं तसा मिळून खेळण्याचा वाटा वाढतो. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मला तिच्या निबंधातली आवडते ती वेगळी गोष्ट. 'बघत राहणारं' मूल आणि 'कशातच नसलेलं' मूल हे दोन वेगळे कप्पे तिनं केले. बघत राहणारं मूल, ती म्हणते, एका ठरावीक गटाकडे बघत असतं. बोललेलं ऐकू येईल इतक्या जवळ उभं असतं. मधूनच प्रश्न विचारतं, एखादी सूचनाही करतं. फक्त खेळात पाऊल टाकत नाही. आता तुमच्या घसरगुंडीपाशी उभ्या असलेल्या लेकाला आठवा. तो भिंतीकडे बघत उभा असतो का? नाही. कोण आधी चढलं, कोण ढकललं गेलं, कोण रडलं आणि मग त्याला कोणी उचललं, हे सगळं तो बघत असतो. घरी आल्यावर जेवताना यातलं निम्मं तो तुम्हाला सांगतोसुद्धा.

घोटाळा पुढे झाला. या सहा प्रकारांची शिडी करून टाकली गेली. एकटं खेळणं खालची पायरी, मिळून खेळणं वरची, आणि आपलं पोर कुठल्या पायरीवर अडकलंय हे बघायला आईबाप खाली उभे! शिडीची ही कल्पना पुढच्या अभ्यासांत टिकली नाही, पण पालकांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. इंग्लंडमध्ये पीटर स्मिथ यांनी तीच मुलं कित्येक महिने पाहिली आणि १९७८ मध्ये मांडलं, की बरीच मुलं समांतर खेळाची पायरी घेतच नाहीत. एकटी खेळता खेळता थेट गटात जातात. दोनच वर्षांनी रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी तीन वर्षांच्या मुलांचा खेळ क्षणाक्षणाला तपासला. त्यांना दिसलं, की शेजारी बसून आपापलं खेळणं हे पुष्कळदा मिळून खेळण्याच्या जरा आधी येतं. वर्षाच्या हिशेबात नव्हे, मिनिटांच्या हिशेबात. मूल वाळूत कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसतं, त्याच्यासारखंच खणायला लागतं, आणि थोड्याच वेळात दोघांचा एक खड्डा झालेला असतो. म्हणजे ज्याला आपण 'अजून एकटाच खेळतो' म्हणतो, ते त्याचं आत शिरणं चालू असतं.

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम इथेच आहे. चालू खेळात शिरणं ही अवघड गोष्ट आहे. मोठ्यांनाही अवघड आहे. लग्नाच्या मांडवात चार अनोळखी बायका हसत उभ्या असतील तर तुम्ही जाऊन "मी तुमच्यात येऊ का?" असं विचारता का? मुलाला मात्र आपण नेमकं हेच शिकवतो. हाताला धरून नेतो आणि म्हणतो, "विचार त्यांना, मी खेळू का म्हणून." समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या एका शिशुशाळेत मुलांमध्ये बसून हीच गोष्ट बारकाईनं पाहिली. पुढे इटलीतल्या शिशुशाळांतही त्यांनी असंच काम केलं. त्यांना आढळलं, की खेळात शिरायच्या पहिल्या प्रयत्नांपैकी निम्म्याहून जास्त वेळा आतली मुलं 'नाही' म्हणतात. आणि "मी खेळू का?" हा सरळ प्रश्न तर नकार ओढवून घेणाराच. मग शिरतात कोण? जी मुलं आधी जवळ जाऊन उभी राहतात, भोवती एखादी चक्कर मारतात, काय चाललंय ते समजून घेतात, आणि मग न बोलता त्या खेळाला शोभेल असं काहीतरी करायला लागतात. आतल्या मुली भातुकलीत पोळ्या लाटत असतील तर बाहेरची एक पानं गोळा करून आणते आणि "भाजी आणली" म्हणते. झाली ती आत.

पुढे इतर संशोधकांनाही असंच दिसलं. १९८१ मध्ये मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी शाळकरी मुलांच्या बाबतीत दाखवलं, की जी मुलं इतरांना फारशी आवडत नाहीत ती गटात शिरताना स्वतःकडे लक्ष वेधून घेतात: माझ्याकडे याच्यापेक्षा मोठी गाडी आहे, असं नाही खेळायचं, मला हे आवडत नाही. आवडती मुलं गटाचं जे चाललंय त्याला धरून बोलतात. आता विचार करा, हे साधायला मुलाला आधी काय करावं लागेल? बघावं लागेल. बराच वेळ. कडेला उभं राहून.

म्हणून मी सांगते, तो उभा आहे तर उभा राहू द्या. तुम्हाला काही करायचंच असेल तर प्रश्न विचारायला लावू नका. त्याच्या शेजारी उकिडवं बसा आणि हळूच म्हणा, "काय चाललंय रे त्यांचं? किल्ला करतायत वाटतं. किल्ल्याला काय लागेल?" एवढं पुरे. दगड आणायचे की नाही हे त्याचं तो ठरवील. आणि नकार मिळाला तर तिथल्या मुलांना जाऊन रागावू नका, "घ्या रे याला पण" असा हुकूम सोडू नका. लहान मुलांचा खेळ फार लवकर मोडतो. महत्प्रयासानं जमलेला डाव तिसऱ्या माणसामुळे विस्कटेल, ही भीती आतल्यांना असते. ते आपला खेळ राखत असतात. तुमच्या मुलाशी त्यांचं वैर नसतं. दहा मिनिटांनी तीच मुलं त्याला बोलावतीलही.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. रोज तेच मूल, रोज त्याच कारणानं बाहेर ठेवलं जात असेल, म्हणजे काळी आहे म्हणून, बोबडं बोलतो म्हणून, वॉचमनचा मुलगा म्हणून, तर तिथे मोठ्यांनी मध्ये पडायलाच हवं. शिकागोच्या एका शाळेत शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी वर्गात नियमच करून टाकला, की 'तू खेळायचं नाहीस' असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. नियम लागू करण्यापूर्वी त्यांनी थोरल्या वर्गांतल्या मुलांना विचारलं, त्यांच्याशी वाद घातला, आणि १९९२ मध्ये त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. घरी-दारी असा सरसकट नियम चालेल असं मला वाटत नाही. पण सोसायटीतल्या मोठ्यांनी निदान आपल्या पोराच्या तोंडी असली कारणं कुठून येतात याचा शोध घ्यावा. ती बहुधा जेवणाच्या टेबलावरूनच आलेली असतात.

आपल्याकडे या अडचणीवर एक फार शहाणा तोडगा मुलांनीच काढून ठेवला होता. लपंडाव असो, डबा ऐसपैस असो, धाकट्या भावंडाला घेऊनच खेळावं लागायचं, कारण आईनं बजावलेलं असायचं. मग त्याला लिंबूटिंबू करायचे. तो पळणार, लपणार, ओरडणार. पण सापडला तरी आऊट नाही आणि त्याच्यावर राज्य नाही. खेळ मोडत नाही आणि धाकटा बाहेरही राहत नाही. वर्ष-दोन वर्षं नियमांच्या आतबाहेर राहून तो सगळं शिकतो आणि एक दिवस हट्ट धरतो, की आता माझ्यावरही राज्य येऊ दे. वयानं लहान-मोठी मुलं एकत्र असली की हे आपोआप घडतं. आज बालवाडीत सगळी एका वयाची, छंदवर्गात एका वयाची, वाढदिवसालाही वर्गातलीच. तीन वर्षांची पंधरा पोरं एकत्र आणून त्यांच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करायची, हे मला नेहमीच अजब वाटत आलं आहे. तुमच्या मुलाला खेळगडी हवा असेल तर वरच्या मजल्यावरची सात वर्षांची ताई शोधा.

बघून शिकण्याबद्दलही आणखी एक गोष्ट सांगते. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये चार ठिकाणच्या एक-दोन वर्षांच्या बाळांचा अभ्यास मांडला: ग्वातेमालातलं सान पेद्रो, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानातलं केचिओरेन आणि भारतातलं ढोल-की-पट्टी हे आदिवासी गाव. सान पेद्रो आणि ढोल-की-पट्टीतली बाळं एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी काय चाललंय यावर लक्ष ठेवून असायची. तिथले मोठे मुलांचे सवंगडी बनून खेळत बसत नव्हते. आपलं काम करत होते आणि मूल बघत होतं. म्हणजे गप्प राहून बघणं हे जगाच्या बऱ्याच भागात शिकण्याचं साधन मानलं जातं. 'बोलका, पुढे पुढे करणारा तोच हुशार' ही फूटपट्टी शहरी शाळांच्या मुलाखतींनी आपल्या हातात दिली आहे.

आता भांडणं. दीड-दोन वर्षांच्या दोन बाळांना एकत्र बसवलं, की एक जण दुसऱ्याच्या हातातली गाडी ओढतो, मग किंचाळणं, मग दोन्ही आया धावतात आणि "शेअर कर, शेअर कर" सुरू होतं. डेल हे आणि हिल्डी रॉस यांनी १९८२ मध्ये एकवीस महिन्यांच्या मुलांच्या जोड्या पाहिल्या. तस्संच दुसरं खेळणं बाजूला पडलेलं असलं तरी मुलं दुसऱ्याच्या हातातल्या खेळण्यासाठीच झगडत होती. तेव्हा 'दोघांनाही एकेक सारखं खेळणं आणून दिलं की मिटलं' ही आपली समजूत तितकीशी खरी नाही. मुलाला गाडी हवी असतेच, पण त्याहून जास्त कुतूहल असतं ते, ती दुसऱ्याच्या हातात आहे आणि मी ओढली तर तो काय करतो, याचं. हा त्यांचा एकमेकांशी चाललेला पहिला व्यवहार आहे, थोडा दांडगा. चावणं, डोळ्यांत बोट, डोक्यात ठोकळा, इथे लगेच थांबवा. बाकीच्या ओढाताणीत दहा आकडे मोजा आणि मगच हालचाल करा. पुष्कळदा सात म्हणेपर्यंत दोघंही वेगळ्याच गोष्टीकडे वळलेले असतात. आणि न समजता पाठ केलेलं "सॉरी" वदवून घेण्यापेक्षा रडणाऱ्याकडे बोट दाखवून "बघ, त्याला लागलं" एवढं म्हणा.

एकटं खेळणाऱ्या मुलांबद्दल मात्र सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. केनेथ रुबिन आणि त्यांच्यानंतर रॉबर्ट कॉपलान यांनी हा एकटेपणा सोलून पाहिला. एक मूल कोपऱ्यात बसून ठोकळ्यांचा पूल करतं, चित्र काढतं, कोडं जुळवतं, शांत, गुंतलेलं. त्याची चिंता करण्याचं कारण नाही. त्याला तशी गोडी आहे. दुसरं मूल इतरांकडे बघतं, जवळ जातं, मागे येतं, पुन्हा जातं, हातात खेळणं नुसतं धरून ठेवतं. त्याला जायचं आहे पण भीती वाटते. याला मदत हवी. ती ढकलण्याची नव्हे, सोपं करून देण्याची. दहा मुलांच्या बागेऐवजी एक मूल घरी बोलवा, ओळखीच्या जागेत, तासाभरासाठी. तिसरं मूल सगळी जमलेली असताना त्यांच्यामध्येच एकटं उड्या मारतं, वस्तू आपटतं, कोणी त्याला घेत नाही म्हणून दंगा करतं. याच्याबद्दल बालवाडीच्या ताईंशी नीट बोलून घ्या. तिघंही दुरून सारखीच दिसतात. 'एकलकोंडा' हा एकच शिक्का तिघांवर मारू नका, आणि त्याच्यासमोर पाहुण्यांना सांगू तर मुळीच नका.

खोट्या-खोट्या खेळाबद्दल हल्ली फार मोठमोठे दावे केले जातात. असा खेळ, असं खेळणं, म्हणजे मेंदूचा विकास, बुद्धी तल्लख, वगैरे. अँजलिन लिलार्ड यांच्या गटानं २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला, की खोटं-खोटं खेळल्यामुळेच बुद्धी, सर्जनशीलता वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. दुकानात 'ब्रेन डेव्हलपमेंट'चं खोकं उचलताना हे आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं ही साधनं होती, आणि ती पुरली.

तरी या खेळात एक गोष्ट मला रोज दिसते. लेव वायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये लेनिनग्राडच्या व्याख्यानात म्हटलं होतं, की खोटा खेळ मोकळा वाटतो पण तो नियमांनी बांधलेला असतो. आई झालेल्या मुलीला आईसारखंच वागावं लागतं. पुढे झ. व. मानुइलेंको या संशोधिकेनं मुलांना न हलता उभं राहायला सांगून पाहिलं. नुसतं सांगितलं तर पोरं लगेच चुळबुळायची. पहारेकरी व्हा म्हटलं, की तीच पोरं कितीतरी जास्त वेळ ताठ उभी! घरी "गप्प बस" म्हणून थकलेल्या आयांनी हे करून पाहायला हरकत नाही. पण भातुकलीत शिकवायला जाऊ नका. बोलावलं तर चहा प्या, गोड झालाय म्हणा आणि उठा.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तुम्ही विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात, की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि बसून पडदा बघणं एक तासाच्या वर नको, कमी तितकं चांगलं. छंदवर्ग एखादा कमी केलात तर हे जमतं.

शेवटी थोडं गंभीर. वर जे सांगितलं ते इतर मुलांकडे लक्ष असलेल्या मुलांबद्दल. वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर मूल वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही 'ते बघ' म्हणून बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, आलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, किंवा इतर मुलं समोर असून त्याला ती जाणवतच नसतील, तर "मुलगे उशिरा बोलतात" असं म्हणून वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारलंत तर त्या वाट दाखवतील. लवकर गेलेल्या मुलांना त्याचा फायदा होतो.

बाकी सगळ्यांनी उद्या संध्याकाळी बागेत जाताना फोन पिशवीत ठेवा, आणि पोराला घसरगुंडीपाशी सोडून तुम्ही बाकावर बसा.